पोलीस गाड्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती

एखाद्या पोलीस दलाच्या खऱ्या गाडीची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, रंग, खुणा, दिवे आणि आतल्या उपकरणांसह हुबेहूब प्रतिकृती करण्याचा हा छंद आहे. प्लॅस्टिकचे किट जोडून किंवा तयार डायकास्ट (धातूच्या ओतीव) गाडीवर नव्याने काम करून अशी प्रतिकृती होते. खेळण्यातल्या पोलीस गाडीला निळा दिवा आणि दारावर 'पोलीस' एवढे पुरते. इथे गाडी कोणत्या दलाची, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या कामाची हे ठरल्याशिवाय कामाला हातही लावता येत नाही. 'कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलची (त्या राज्याच्या महामार्ग पोलिसांची) गाडी' एवढे ठरवून भागत नाही. त्या दलाची, अमुक वर्षी रस्त्यावर असलेली, अमुक मॉडेलची गाडी ठरवावी लागते. दिवा, चाक, अँटेना, पट्टा यांपैकी प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या साली बदलत गेलेली असते. दोन काळांतल्या गोष्टी एकाच गाडीवर आल्या की कितीही सफाईने रंगवलेली गाडी जाणकाराला लगेच खटकते.

प्रमाण

अमेरिकी किट बहुधा १/२५ आणि जपानी किट १/२४ प्रमाणात असतात. १/२५ हे प्रमाण मोटार कंपन्या विक्रेत्यांना देत असलेल्या जाहिरातीच्या लहान गाड्यांतून रूढ झाले. १/४३ चे मूळ रेल्वेच्या 'ओ' गेज प्रतिकृतींत आहे (एका फुटाला ७ मिमी). त्याशिवाय डायकास्टमध्ये १/१८ आणि १/६४ चालतात. १/२४ आणि १/२५ मधला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया ही अमेरिकी पोलीस गाडी सुमारे ५,३८५ मिमी लांब होती. ती १/२४ मध्ये २२४ मिमी भरते आणि १/२५ मध्ये २१५. शेजारी ठेवल्यावर नऊ मिलिमीटर लपत नाहीत. सुटे भाग एका प्रमाणातून दुसऱ्यात उसने घेता येतात का? स्पॉटलाइट, आरसा, रेडिओ चालून जातात. चाके आणि लाइटबार (टपावरची दिव्यांची आडवी पट्टी) चालत नाहीत.

मोजमापे आधी कागदावर काढून ठेवावीत. १/२५ साठी नेहमी लागणारी काही अशी: ४८ इंची लाइटबार ४८.८ मिमी, दाराजवळच्या खांबावरचा ६ इंची स्पॉटलाइट ६.१ मिमी, अमेरिकी नंबरप्लेट १२.२ × ६.१ मिमी. युरोपातली लांबट प्लेट (५२० × ११० मिमी) १/२४ मध्ये २१.७ × ४.६ मिमी होते.

गाडी निवडणे

किटच्या खोक्यावर छापलेले वर्ष आणि आतल्या बॉडीचे वर्ष नीट तपासावे. क्राउन व्हिक्टोरियाचेच उदाहरण घ्या. १९९२ ते १९९७ पर्यंतच्या गाडीचा टप मागे उतरता आहे आणि मागच्या दारामागे खांबात एक छोटी काच आहे. १९९८ पासून टप चौकोनी झाला आणि ती काच गेली. लिंडबर्गचे १/२५ किट जुन्या बॉडीचे आहे. त्यावर २००५ च्या खुणा लावल्या तर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) कितीही सुंदर असोत, गाडी चुकलीच. २००३ मध्ये सांगाडा बदलला आणि त्याबरोबर चाकांची बैठकही बदलली. आधीच्या पोलादी चाकांना खोलगट वाटी दिसते, नंतरची चाके बाहेरून जवळजवळ सपाट आहेत. २००६ पासून चाक १६ ऐवजी १७ इंची झाले. शेवटची गाडी २०११ मध्ये बाहेर पडली. एकट्या चाकावरून गाडीचा काळ सांगता येतो आणि बहुतेक चुकाही चाकांतच सापडतात.

पोलिसांसाठीच्या गाडीचा कारखान्याचा सांकेतिक क्रमांकही वेगळा असतो: फोर्डचा पी७१, शेव्हरोले कॅप्रिसचा ९सी१. साध्या गाडीच्या किटपासून सुरुवात केली असेल तर बाजूची क्रोम पट्टी काढणे, साधी चाके आणि त्यांच्या मध्यावरच्या छोट्या टोप्या बसवणे, जमिनीवर गालिच्याऐवजी काळे रबर दाखवणे ही कामे आलीच. बसण्याची उंचीही तपासावी. किट सूचनेप्रमाणे जोडल्यावर पुढचा भाग बरेचदा उंच राहतो. धुरा एखाद्या मिलिमीटरने वर घेतला की गाडी रस्त्याला टेकल्यासारखी दिसते.

संदर्भ फोटो

रेखाटनासाठी बाजूचा फोटो लांबून आणि झूम करून काढलेला हवा. दोन मीटरवरून मोबाइलने काढलेल्या फोटोत पुढचे चाक फुगते आणि पट्ट्याचा उतार बदलतो. प्रमाण जुळवायला सर्वात भरवशाचे माप म्हणजे दोन चाकांच्या मध्यांतले अंतर. क्राउन व्हिक्टोरियाचे हे अंतर १/२५ मध्ये सुमारे ११६ मिमी येते. छापलेल्या फोटोत ते ११६ भरेपर्यंत आकार बदलत जावे, म्हणजे दारावरच्या चिन्हाचे माप आपोआप बरोबर येते. टपाचा आणि डिक्कीचा फोटो हमखास राहून जातो. हेलिकॉप्टरमधून ओळखण्यासाठी टपावर लिहिलेला क्रमांक मग अंदाजाने घालावा लागतो.

रंग

काळ्या-पांढऱ्या गाडीत पांढरा आधी, काळा नंतर. हा क्रम उलटा केला तर काळ्यावर पांढरा झाकायला सहा-सात हात द्यावे लागतात आणि दारांच्या फटी रंगाने बुजतात. त्याआधी बॉडी भांड्याच्या साबणाने धुवावी, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेल राहिले तर रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. फटी आधीच सुईने किंवा सुरीच्या पाठीने थोड्या खोल करून घ्याव्यात. लाल किंवा निळ्या प्लॅस्टिकचे किट असेल तर मूळ रंग पांढऱ्यातून वर येतो आणि आठवड्याभरात गाडी गुलाबीसर किंवा निळसर होते. त्यासाठी प्रायमरखाली चंदेरी रंगाचा एक हात द्यावा.

मग पांढऱ्याचे (तामियाचा टीएस-२६ चांगला) तीन-चार पातळ हात, एक दिवस वाळवणे, २००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओले घासणे. यानंतर मास्किंग टेप, आणि खरी कसोटी इथेच. कडेला १ किंवा २ मिमी रुंदीची पातळ टेप लावून नखाने फटीत दाबावी आणि उरलेला भाग रुंद टेपने झाकावा. लगेच काळा मारू नये. टेपच्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचाच एक फवारा द्यावा. टेपखाली जिथे सूक्ष्म फट असेल तिथे हा पांढरा शिरून ती बुजवतो, मग काळ्याला आत जायला वाट उरत नाही. काळा पातळ आणि दोन हातांतच संपवावा. टेप काळा अर्धवट ओला असतानाच, स्वतःवर दुमडून, हळूहळू ओढावी. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचा रंग कपच्यांनी निघतो.

एनॅमल रंगावर लॅकर रंग मारू नये, खालचा थर सुरकुततो. लॅकर वाळल्यावर त्यावर एनॅमल चालतो.

१/१८ च्या उघडणाऱ्या दारांच्या गाडीत आणखी एक बारकावा आहे. खऱ्या गाडीच्या दारावर पांढरे व्हिनाइल चिकटवले असेल तर दाराची आतली कड मूळ काळीच राहते. रंगवलेले असेल तर तीही पांढरी असते. फोटोत एकही उघडे दार नसेल तर मॉडेलचे दार बंद ठेवून चिकटवणे शहाणपणाचे.

खुणा आणि डिकल

रंगसंगती आणि दिव्यांच्या रंगांचे नियम देशादेशांत, अमेरिकेत तर राज्याराज्यांत वेगळे आहेत. न्यूयॉर्क शहराच्या गाड्या १९७३ मध्ये हिरवा-काळा-पांढरा सोडून फिकट निळ्या-पांढऱ्या झाल्या. मिशिगन राज्य पोलिसांची निळी गाडी टपावरच्या एकमेव लाल फिरत्या दिव्याने आणि बॉनेटवर उभ्या असलेल्या 'स्टॉप' पाटीने ओळखू येते. ब्रिटनमधली निळ्या-पिवळ्या चौकटींची बॅटनबर्ग रचना १९९० च्या दशकातली आहे. त्याआधीच्या गाडीवर ती दिसता कामा नये. पोलिसांच्या टोप्यांवरची काळी-पांढरी चौकट मात्र १९३२ ची, ग्लासगोतली. जर्मनीत हिरव्या पट्ट्याच्या गाड्या आधीच्या आणि निळ्या पट्ट्याच्या नंतरच्या.

बाजारात तयार डिकल मिळतात, नाहीतर स्वतः छापावे लागतात. घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, हाच सगळा घोळ. पारदर्शक कागदावर छापलेला सोनेरी तारा काळ्या दारावर ठेवला की नाहीसा होतो. उपाय दोन. पहिला, पांढरा डिकल कागद घेऊन आकाराच्या अगदी कडेने कापणे आणि पांढरी कड बारीक ब्रशने रंगवणे. दुसरा, पांढरे छापणाऱ्या यंत्राकडून छापून घेणे. आल्प्सचे जुने प्रिंटर त्यासाठीच शोधले जातात, पण त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. इंकजेटवर छापलेल्या कागदाला पारदर्शक अॅक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात दिल्याशिवाय पाण्यात घालू नये, शाई विरघळते. पहिलाच हात जाड दिला तरी शाई पसरतेच.

डिकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावावा. मॅट रंगाच्या खरखरीत कणांत हवा अडकते आणि डिकलखाली चंदेरी झाक दिसते. डिकल पंधरा-वीस सेकंद पाण्यात बुडवून बाहेर ठेवावा आणि कागदावरून आपोआप सरकेपर्यंत थांबावे. खाली मायक्रो सेट, वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करून नीट बसवणारी द्रावणे). सोल लावल्यावर डिकल सुरकुततो, तेव्हा घाबरून बोट लावू नये. तासाभरात तो फटींत बसतो. दाराच्या फटीवरून जाणारा पट्टा वाळल्यावर नव्या ब्लेडने कापून पुन्हा थोडे सोल लावावे.

फ्लुओरोसंट पिवळा छपाईत येत नाही. तो रंगानेच, पांढऱ्या पायावर द्यावा. खरे परावर्तक व्हिनाइल कापून लावण्याचा मोह टाळावा. त्यातली जाळी १/२४ मध्ये विटांएवढी दिसते.

लाइटबार

पोलीस गाडीकडे पाहताना नजर प्रथम इथे जाते. ट्विनसॉनिक हा लाइटबार १९७० च्या दशकाचा चेहरा, तर वेगवेगळ्या घरांतले दिवे 'व्ही' आकारात मांडलेला फेडरल सिग्नलचा व्हेक्टर पुढच्या पिढीचा. काचा रंगवताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, रंगीत काचेच्या मागे काहीच न ठेवणे. मग काच काळपट दिसते. आत चंदेरी फॉइलचे आरसे आणि ओढून बारीक केलेल्या पारदर्शक स्प्रूचे (किटचे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिक काडीचे) बल्ब ठेवले की तीच काच जिवंत होते. काचेला रंग आतल्या बाजूने द्यावा: तामियाचा पारदर्शक लाल एक्स-२७, निळा एक्स-२३. दुसरी चूक नव्या गाड्यांतली. आजच्या कित्येक एलईडी लाइटबारची काच पूर्ण पारदर्शक असते आणि रंग दिवा पेटल्यावरच दिसतो. उभ्या गाडीवर लाल-निळी काच लावली की गाडी वीस वर्षे मागे जाते.

कोणता रंग कुठे, हे दलागणिक पाहावे. कॅलिफोर्नियात समोरून दिसणारा किमान एक स्थिर, न लुकलुकणारा लाल दिवा कायद्यानेच लागतो. शिकागोच्या गाड्यांवर दीर्घकाळ निळेच दिवे होते. जपानच्या गस्ती गाड्यांवर लाल, जर्मनीत निळे.

दिवे खरोखर पेटवायचे तर ०६०३ आकाराचे (१.६ × ०.८ मिमी) एलईडी आणि ०.१ मिमीची इनॅमल तार पुरते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडीला (सुमारे २ व्होल्ट) १० मिलिअँपिअरसाठी ६८० ओहमचा रोधक (रेझिस्टर), निळ्याला (सुमारे ३.२ व्होल्ट) ५६० ओहमचा. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोधक द्यावा. लाल आणि निळा एकाच रोधकावर समांतर जोडले तर लाल सगळा प्रवाह खातो आणि निळा पेटतच नाही. लुकलुकण्यासाठी एटीटायनी८५ सारखी आठ पायांची चिप सोयीची. युरोपच्या आर६५ नियमात सेकंदाला दोन ते चार झगमगाट अपेक्षित आहेत. बहुतेक हौशी गाड्या त्याहून कितीतरी वेगाने चमकतात आणि खेळणे वाटतात. तार खांबाच्या आतून खाली न्यावी. टप आतून आधी काळा रंगवावा, नाहीतर दिवा पेटल्यावर पांढरे प्लॅस्टिक कंदिलासारखे उजळते.

अँटेना आणि आतले सामान

अँटेनाची लांबी सुशोभनासाठी नसते, ती रेडिओच्या वारंवारतेवर ठरते. पाव तरंगलांबी काढायची असेल तर ७५ ला मेगाहर्ट्झने भागावे, उत्तर मीटरमध्ये येते. १५५ मेगाहर्ट्झला सुमारे ४८ सेंमी, म्हणजे १/२५ मध्ये १९ मिमी. ४६० ला साडेसहा मिमी. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या ४० मेगाहर्ट्झजवळच्या जुन्या रेडिओसाठी सत्तर मिमीहून लांब, चाबकासारखी अँटेना. गिटारची सर्वात बारीक तार (०.२३ मिमी) वापरावी. ती प्रमाणाने थोडी जाडच असते, पण वाकत नाही.

आत मागच्या-पुढच्या सीटमधली जाळी, मध्ये रेडिओचा कन्सोल, लॅपटॉपचा खांब, डॅशबोर्डवरचे रडार. हे सगळे ०.५ मिमी स्टायरिन (किटच्याच प्लॅस्टिकच्या) पट्टीतून होते. काच बसवल्यावर यातले निम्मे दिसत नाही, म्हणून वेळ चालकाच्या बाजूलाच घालवावा.

जतन

डिकल उन्हात पिवळा पडतो. काचेच्या कपाटातही खिडकीसमोर गाडी ठेवू नये. किटमधले मऊ व्हिनाइल टायर स्टायरिनच्या चाकाला टेकून राहिले तर त्यातले मऊ करणारे रसायन चाकात झिरपते आणि दोन-तीन वर्षांत चाक लोण्यासारखे खचते. टायर बसवण्याआधी चाकाच्या कडेला फॉइलचे एक वेटोळे द्यावे.