नाव केपचं, गाव दक्षिण अमेरिकेतलं

‘कापेन्सिस’ म्हणजे केपचा. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला जे केप ऑफ गुड होप आहे, तिथला. पण झोनोट्रिकिया कापेन्सिस या चिमणीसारख्या छोट्या पक्ष्याचं हे शास्त्रीय नाव वाचून कुणी दुर्बीण गळ्यात अडकवून केपटाऊनला गेलं, तर हात हलवत परत येईल. हा पक्षी राहतो दक्षिण मेक्सिकोपासून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या तिएरा देल फ्युएगोपर्यंत. अर्जेंटिनात त्याला चिंगोलो म्हणतात, चिलीत चिंकोल, ब्राझीलमध्ये तिको-तिको, तर बोगोटाच्या रस्त्यांवर कोपेतोन, म्हणजे तुरेवाला. आफ्रिकेत तो कधी राहिलेलाच नाही.

केपची खरी चिमणी वेगळीच. नराचं डोकं काळंभोर, डोळ्यामागून गळ्याकडे वळलेला पांढरा पट्टा. दक्षिण आफ्रिकेच्या एक सेंटच्या नाण्यावर ती कित्येक वर्षं होती. तिचं शास्त्रीय नाव मात्र पॅसर मेलॅन्युरस, म्हणजे काळ्या शेपटीची. त्यात केपचा उल्लेखही नाही. शेपूट तरी काळी असावी, तर ती तपकिरीकडे झुकणारी. इतकं उठून दिसणारं काळं डोकं सोडून नाव देणाऱ्याची नजर शेपटीवर का गेली, कोण जाणे.

गंमत अशी, की ही दोन्ही नावं एकाच माणसाने, एकाच वर्षी दिली. फिलिप लुडविग स्टाटियुस म्युलर हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ. दोन शब्दांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसच्या प्राणिसूचीची त्याने जर्मन आवृत्ती केली आणि तिच्या १७७६ च्या पुरवणीत बऱ्याच पक्ष्यांना नावं देऊन टाकली. त्यासाठी फ्रान्समध्ये छापलेली पक्ष्यांची रंगीत चित्रं त्याने आधाराला घेतली होती. चिंगोलोच्या चित्राखाली ठिकाण केपचं होतं, म्हणून म्युलरनेही तेच लिहिलं. चित्रातला पक्षी खरं तर दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येकडच्या कायेनचा होता. मजकूर चुकला आणि पक्ष्याच्या कपाळी कायमचा बसला.

कायमचा, कारण प्राणिनामकरणाच्या नियमांत आधी दिलेलं नाव चालतं आणि ‘अर्थ जुळत नाही’ एवढ्याने ते रद्द होत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हे इथे अधिकृतरीत्या मान्य आहे. मला हा नियम पटतो. दर पिढीने नाव ‘दुरुस्त’ करायचं ठरवलं असतं, तर जुनं लेखन कुठल्या पक्ष्याबद्दल आहे हेच कळलं नसतं.

नावाचा दुसरा भाग असा टिकतो; पहिला, म्हणजे प्रजातीचं (जवळच्या जातींच्या गटाचं) नाव, मात्र बदलू शकतो. म्युलरने चिंगोलोला फ्रिंजिला या प्रजातीत घातलं होतं आणि केपच्या चिमणीला लोक्सियात. आज दोन्ही तिथे नाहीत. म्हणूनच पक्षिसूचीत या नावांपुढे म्युलर आणि साल कंसात छापतात. तो कंस म्हणजे प्रजाती बदलल्याची खूण. आणि लॅटिनही आपल्या मराठीसारखीच, विशेषणाला लिंग लावणारी. लोक्सिया स्त्रीलिंगी, म्हणून मूळ शब्द मेलॅन्युरा; पॅसर पुल्लिंगी, म्हणून मेलॅन्युरस. काळी शेळी, काळा बैल, तसंच. कापेन्सिस मात्र दोन्ही लिंगांत सारखंच राहतं, त्यामुळे झोनोट्रिकिया या स्त्रीलिंगी प्रजातीत येऊनही ते बदललं नाही.

आता कुळं. केपची चिमणी आपल्या अंगणातल्या चिमणीची, पॅसर डोमेस्टिकसची, चुलत बहीण. दोघी पॅसरिडी कुळातल्या. या कुळातल्या पक्ष्यांच्या जिभेत एक जादा हाड असतं. दाणा सोलताना जीभ ताठ राहायला त्याची मदत होते. चिंगोलोच्या जिभेत ते हाड नाही. त्याचं कुळ पॅसरेलिडी, म्हणजे अमेरिकेतल्या ‘चिमण्यांचं’. अवतरणचिन्ह मुद्दाम घातलंय. युरोपातून गेलेल्या लोकांना तिथले तपकिरी, दाणे टिपणारे छोटे पक्षी दिसले आणि त्यांनी घरचंच नाव चिकटवलं. दाण्यावर जगणाऱ्यांची चोच साधारण सारखीच घडते. नातं त्यावरून ठरत नाही.

पूर्वी चिंगोलोला एम्बेरिझिडी कुळात, म्हणजे भारीटांत धरत. जनुकांचा अभ्यास झाल्यावर अमेरिकेतल्या या गटाचं वेगळं कुळ मानलं गेलं. तरीही तो चिमणीपेक्षा भारीटालाच जवळचा. हिवाळ्यात आपल्याकडे ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरतो ना, तो काळ्या डोक्याचा भारीट, त्याच्या बाजूचा. मराठीत चिंगोलोला नाव द्यायची वेळ आली, तर मी तांबड्या मानेचा भारीट म्हणेन, चिमणी नाही.

समोर आला तर ओळखायला सोपा आहे. डोकं राखाडी, त्यावर काळे पट्टे, थोडा उभारलेला तुरा, गळा पांढरा आणि मानेमागे विटकरी रंगाची पट्टी. नर-मादी सारखेच दिसतात. केपच्या आणि अंगणातल्या चिमणीत मात्र नर वेगळा उठून दिसतो. चिंगोलोचं घरटं बहुधा जमिनीवर किंवा खालच्या झुडपात, उघड्या वाटीसारखं. केपची चिमणी झुडपात गवताचा मोठा, विस्कटलेला गोळा बांधते. चिंगोलो चिवचिवत नाही, शीळ घालतो: दोन-चार सूर आणि शेवटी थरथरती तान. ही तान मुलखागणिक बदलते. फर्नांडो नॉटेबोम यांनी अर्जेंटिनातल्या या ‘बोलीं’चा अभ्यास १९६९ मध्ये छापला, आणि पक्षी गाणं कसं शिकतात या विषयात तो आजही सांगितला जातो.

एवढ्या मोठ्या मुलखात पसरल्यामुळे त्याच्या दोन डझनांहून जास्त उपजाती मानल्या जातात. अगदी दक्षिणेकडच्या पॅटागोनियातलीच्या डोक्यावर काळे पट्टे जवळपास नसतातच. तिचं नाव झोनोट्रिकिया कापेन्सिस ऑस्ट्रालिस. ऑस्ट्रालिस म्हणजे दक्षिणेकडची. हे नाव तरी बरोबर आहे.