सातबाऱ्यावर सही कोणाची?

पेरणीच्या तोंडावर पीककर्जाच्या कागदपत्रांसाठी सेवा केंद्रात बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘काका, सिस्टम घेत नाही.’ सातबाऱ्यावर नाव ‘शामराव’, आधारवर ‘श्यामराव’. माणूस तोच, वावर तेच, पण अर्ज पुढं सरकत नाही. केंद्रातला पोरगा खोटं बोलत नसतो, त्याच्या हातात खरंच काही नसतं. मग ते कोणाच्या हातात असतं? जमिनीची नोंद कोणी लिहायची आणि चुकली तर जाब कोणाला विचारायचा, हे भांडण विदर्भात कॉम्प्युटर यायच्या फार आधीपासून चालत आलं आहे.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. तिथं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी बसली: शेताची मोजणी झाली आणि सारा थेट कास्तकाराच्या नावावर लागला. वर्धा नदीपलीकडं, भोसल्यांच्या जुन्या मुलखात मालगुजारी होती. गावाच्या साऱ्याला मालगुजार जबाबदार, आणि कुळाचं काय व्हायचं तेही बरंचसं त्याच्याच मर्जीवर. ही पद्धत कायद्यानं संपली ती 1950 साली. वही मात्र दोन्हीकडं पटवाऱ्याच्याच दप्तरात होती. सरकारदरबारी त्याला तलाठी म्हणू लागले त्याला किती वर्षं झाली, पण आपल्याकडं तो आजही पटवारीच आहे.

त्या जुन्या वहीचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं जमत नाही. नाव चढवायला पैसे लागत, विधवेचं नाव वर्षानुवर्षं चढत नसे, आणि वाड्यावरून निरोप आला की एका रात्रीत फेरफार होई. पण वहीतलं अक्षर ओळखू यायचं. ‘हे अमक्या पटवाऱ्यानं लिहिलं’ असं बोट दाखवून म्हणता यायचं. अन्याय झाला तरी तो करणाऱ्याला नाव होतं, आणि त्याच्यावरच्या साहेबाकडं जायची वाट होती.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 सालची आणि सातबाऱ्याचे नमुने ठरवणारे नियम 1971 सालचे. नमुना सातमध्ये मालकी आणि क्षेत्र, बारामध्ये पिकं. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. या संहितेतली तीन कलमं प्रत्येक कास्तकारानं ऐकून ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं. कलम 150 म्हणतं, फेरफार लिहिला की संबंधितांना नोटीस द्या, हरकती घ्या, मग अधिकाऱ्यानं तो प्रमाणित करावा. कलम 157 म्हणतं, नोंद खरी मानली जाईल, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. आणि कलम 155 लिहिण्यातली चूक दुरुस्त करायची वाट देतं. नोंद चुकू शकते हे कायदा लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं, म्हणून त्यांनी प्रत्येक पायरीवर एक माणूस उभा केला.

मग कॉम्प्युटर आला, आणि महाराष्ट्रात तो सर्वांत आधी आला विदर्भात. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची पहिली योजना 1988-89 साली देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांतला महाराष्ट्राचा जिल्हा वर्धा. देशात इंटरनेट लोकांसाठी खुलं झालं 1995 मध्ये, म्हणजे वर्ध्याचा सातबारा कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं ते त्याच्याही बऱ्याच आधी. 2008 मध्ये देशभराचा कार्यक्रम आला आणि पुढं हस्तलिखित वह्यांवरून लाखो सातबारे टंकून घेतले गेले. टंकताना व्हायचं तेच झालं. अंक उलटे पडले, आडनावं बदलली, एखाद्या बहिणीचं नाव गळालं.

या चुका शोधायला 2017 च्या उन्हाळ्यात सरकारनं एक फार जुनी रीत बाहेर काढली: चावडी वाचन. संगणकातला सातबारा छापायचा आणि गाव जमवून मोठ्यानं वाचायचा. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी असं वाचन ऐकलं. ग्रामपंचायतीसमोरच्या निंबाखाली सतरंजी, पटवारी गट नंबर वाचतोय, लोक अर्धे लक्ष देऊन, अर्धे उन्हाकडं बघत. एका गटाला त्यानं ‘क्षेत्र एक हेक्टर सव्वीस आर’ वाचलं आणि मागून एक म्हातारा उठला. ‘आमचं चार एकर हाय. बापापासून चार एकर.’ चार एकर म्हणजे एक हेक्टर बासष्ट आर. बासष्टचे सव्वीस झाले होते, आणि कागदावर छत्तीस आर जमीन नाहीशी झाली होती. पटवाऱ्यानं जुनी वही मागवली, आकडा पाहिला, छापील कागदावर लाल पेनानं गोल केला आणि बाजूला सही ठोकली. म्हाताऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पडद्यावरचे दोन्ही आकडे सारखेच खरे दिसतात, आणि त्यांतला खोटा कोणता हे त्या सतरंजीवर त्याच्याशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं.

त्याच वर्षी, जूनमध्ये, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली आणि अर्ज ऑनलाइनच भरायचे ठरले. केंद्रांवर रांगा लागल्या. आयुष्यभर निंदण-डवरणीत झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन धरेना. याद्यांतल्या घोळाच्या तक्रारी राज्यभर झाल्या, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. ‘नाव का नाही?’ याला बँक पोर्टलकडं बोट दाखवी आणि पोर्टलवाले बँकेच्या माहितीकडं. पटवाऱ्याच्या वहीत निदान अक्षर तरी होतं.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. ही सोय मोठीच. एका उताऱ्यासाठी तीन दिवस मजुरी बुडवून पटवाऱ्याची वाट पाहणं संपलं, आणि चिरीमिरीचं एक दारही बंद झालं.

नोंद कोणाची धरायची हा प्रश्न दुष्काळ ठरवतानाही येतो, तेही थोडक्यात सांगतो. आधी आणेवारी, नाणी दशमान झाल्यावर पैसेवारी: गावची समिती, शेतातला पीक कापणीचा प्रयोग, आणि पन्नास पैशांची रेघ, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून कमी पीक आलं की दुष्काळ. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनं पाऊस, उपग्रहावरून दिसणारा हिरवेपणा आणि जमिनीतला ओलावा यांना मान दिला. 2018 मध्ये राज्यानं 151 तालुके त्याच निकषांवर जाहीर केले. त्यातही निवडक दहा टक्के गावांत जाऊन पिकाचं प्रत्यक्ष सत्यापन करायचं कलम ठेवलेलं आहे, आणि ते ठेवलं हे फार बरं झालं. आकाशातून हिरवं दिसणारं वावर बोंडं न धरलेल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचंही असू शकतं.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली आणि नमुना बाराचं काम कास्तकाराच्या स्वतःच्या मोबाइलवर गेलं. धुऱ्यावर उभं राहून फोटो काढायचा, पीक निवडायचं. पऱ्हाटीत तुरीचं तास असलं तर मिश्र पीक म्हणून दोन्हीचं क्षेत्र भरायचं. घाईत तूर राहून गेली की सातबाऱ्यावर तूर नाही, आणि खरेदी केंद्रावर तूर विकायला तोच सातबारा लागतो. नंतरच्या सुधारित ॲपमध्ये कास्तकाराची स्वयंघोषणाच ग्राह्य धरली गेली, दुरुस्तीला 48 तास दिले गेले, आणि पटवाऱ्यानं नोंदींपैकी दहा टक्के तपासायच्या असं ठरलं. बाकीच्या नव्वद टक्क्यांत लिहिणाराही कास्तकार आणि जबाबदारही तोच. काही चुकलंच तर अर्ज कागदावर, तहसीलदाराच्या नावानं द्यावा आणि आवक क्रमांक टाकलेली पोच मागून घ्यावी. त्या पोचवर अजूनही माणसाचीच सही असते.