कोल्हापूर ते लंडन : घड्याळाचा हिशोब कुठून धरायचा?

घरातलं कुणी शिकायला लंडनला निघालं की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला : किती तास लागतात? उत्तर येतं, "मुंबईहून साडेनऊ-दहा." या उत्तरात कोल्हापूर नसतंच. मला वाटतं, आपल्या गावापुरता या प्रवासाचा इतिहास त्या गाळलेल्या टप्प्यातच आहे.

अंतर पूर्वीही आजच्याएवढंच होतं. पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळची रेघ धरली, तर मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर भरतं आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून साधारण साडेसात हजार.

१८७० साली छत्रपती राजाराम महाराज विलायतेला निघाले, तेव्हा कोल्हापुरात रेल्वे नव्हती. बोरघाटातून मुंबई-पुणे गाडी १८६३ पासून धावत होती. पण पुणं गाठेपर्यंत सगळी वाट रस्त्याची, मधे नद्या आणि घाट. सुएझचा कालवा नुकता, १८६९ च्या नोव्हेंबरात, खुला झाला होता. तरी बोटीवर आठवडे जायचेच. महाराज लंडनला पोचले, तिथं राहिले, रोजनिशीही लिहिली. परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्स इथं त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथल्या स्मृतिछत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. आपला न्यू पॅलेस उभारणारे तेच. फ्लॉरेन्सहून कोल्हापूर सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. आज ते एका दिवसाचं अंतर आहे, हे लिहिताना मन भरून येतं.

कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. त्यामुळे १९०२ साली राजर्षी शाहू महाराज इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी निघाले, तेव्हा गाडी थेट कोल्हापुरात होती. समुद्र मात्र तेवढाच लांब राहिला.

तो आटला ८ जून १९४८ ला. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान त्या रात्री मुंबईहून उडालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आलं आणि प्रवास आणखी आखडला. लंडनला जाताना जास्त वेळ का लागतो, हेही लोक विचारतात. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. शिवाय लंडनचं घड्याळ आपल्या मागे, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. म्हणून तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा करून हिशोब जुळत नाही.

उजळाईवाडीचं विमानतळ राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळातलं, १९३९ च्या सुमाराचं. पण मधली कित्येक वर्षं तिथं नियमित प्रवासी विमान नव्हतं. लहान शहरं विमानानं जोडण्याच्या केंद्राच्या 'उडान' योजनेतून २०१८ मध्ये मुंबईची सेवा आली, २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत. ते विमान सोयीचं असलं तर मुंबई तासाभरावर. नसलं तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, ५१८ किलोमीटरला साडेदहा-अकरा तास. म्हणजे पुढच्या सात हजार किलोमीटरला लागतात त्याहून थोडे जास्तच.