क्लच दाबल्यावर आवाज थांबतो की सुरू होतो?

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात गाडी दाखवायला आलेला माणूस बहुधा आवाजाची नक्कल करतो. 'घरघर येते', 'मिक्सर लावल्यासारखं होतं', 'खालून काहीतरी वाजतंय'. मेकॅनिक ऐकून घेतो आणि चावी मागतो. आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो, हे त्याला हवं असतं. ते आपल्याला घरीही तपासता येतं.

इंजिन सुरू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय क्लचच्या पेडलवरून काढलेला असताना गिअरबॉक्स निवांत असेल असं वाटतं. पण तेव्हा क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) आणि प्रेशर प्लेट (स्प्रिंगच्या जोराने दाबून धरणारी चकती) यांच्यामध्ये घट्ट आवळलेली असते. त्यामुळे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर आत नेणारा दांडा, इंजिनाच्याच वेगाने फिरतो आणि एकमेकांत अडकलेले गिअरही फिरत राहतात. चाकांकडे जोर जात नाही, एवढंच. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट सुटते आणि शाफ्ट थोड्याच वेळात थांबतो. त्याच वेळी पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगवर मात्र प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा सगळा दाब येतो. म्हणजे एका भागाला विश्रांती मिळते तेव्हा दुसऱ्याची ड्यूटी सुरू होते.

सोसायटीच्या हवेशीर पार्किंगमध्ये भिंतीशेजारी गाडी लावा, कारण तिथे आवाज परतून येतो आणि नीट ऐकू येतो. हँडब्रेक ओढा, एसी बंद करा, काच खाली घ्या. आता क्लच अगदी हळूहळू दाबत जा. पेडल दाबल्यावर घरघर थांबली, तर संशय गिअरबॉक्सवर, विशेषतः इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. दाबल्यावरच किरकिर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगवर. काही गाड्यांत हे बेअरिंग कायम टेकलेलं असतं. तिथे पाय नुसता ठेवला तरी चिरचिर बदलते किंवा जाते, आणि तीही त्याच बेअरिंगची खूण असते.

पेडल दाबल्यावर थांबणारा प्रत्येक आवाज बिघाडाचा नसतो, आणि इथेच लोकांचे पैसे फुकट जातात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला 800 फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला साधारण 27 धक्के. प्रत्येक धक्क्याला शाफ्टचा वेग किंचित वाढतो आणि लगेच पडतो. गिअरच्या दातांमध्ये तेलासाठी आणि उष्णतेने होणाऱ्या प्रसरणासाठी फट ठेवावीच लागते. जोर नसलेले दात त्या फटीत मागेपुढे आपटतात आणि खडखड ऐकू येते. डिझेल गाडीत धक्के जोरकस, म्हणून खडखडही जास्त. ते शोषायला क्लच प्लेटच्या मधल्या भागात गोलाकार बसवलेल्या लहान स्प्रिंगा असतात. त्या ढिल्या झाल्या किंवा तुटल्या की आवाज वाढतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे ॲक्सिलरेटर थोडा दाबून पाहणं. ही खडखड बहुधा विरते, बेअरिंगची घरघर मात्र फेऱ्यांबरोबर चढत जाते.

गिअर टाकताना खर्रर्र होणं ही वेगळी तक्रार. वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग जुळण्याआधी त्यांची गती सारखी करणारी सिंक्रो रिंग गाडीत आली ती 1928 मध्ये, कॅडिलॅकने आणली. त्याआधी चालकाला डबल क्लच मारूनच, म्हणजे एका बदलात दोनदा क्लच दाबून, गिअर टाकावा लागे. एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, खर्रर्र होत असेल, तर त्या गिअरची रिंग झिजलेली असू शकते. पहिल्याला, रिव्हर्सला, सगळ्यांनाच होत असेल, तर आधी क्लच पूर्ण सुटतोय का ते पाहा. केबल ढिली असेल किंवा हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा असेल, तर गिअरबॉक्सला हात न लावताही काम होतं.

रिव्हर्समध्ये येणाऱ्या 'ऊंऽऽ' आवाजाने मात्र घाबरू नका. पुढच्या गिअरचे दात तिरके असतात, त्यामुळे ते हळूहळू एकमेकांत शिरतात. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचे दात सरळ असतात, पूर्ण रुंदीने एकदम भिडतात आणि गातात.

घोडबंदर रोडवर कापूरबावडीच्या पुढे गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा बरेच जण क्लचवर पाय ठेवून बसतात. माझ्या मते रिलीज बेअरिंग लवकर जाण्यामागे हीच सवय मोठी. गायमुखच्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की प्लेट तापते आणि जळका वास येतो. चढावर इंजिन तापलेल्या सुरात ओरडतंय पण वेग वाढत नाही, असं झालं तर प्लेट घसरतेय. त्या घसरण्याचा स्वतःचा फारसा आवाज नसतो. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि बिलात त्या मजुरीचा वाटा मोठा असतो. म्हणून त्याच खेपेला रिलीज बेअरिंगही नवं घालून घ्यावं, जुनं बरं दिसत असलं तरी.

शेवटी राहिली ती चालत्या गाडीतच येणारी घरघर. रिकाम्या रस्त्यावर तोच वेग ठेवून चौथ्यातून पाचवा गिअर टाका. इंजिनाच्या फेऱ्या कमी होतील. आवाजाचा सूर त्यांच्याबरोबर उतरला, तर उगम इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या भागात असण्याची शक्यता जास्त. सूर तसाच राहिला, तर तो चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे. मग गिअरबॉक्स उतरवायला सांगण्याआधी गाडी जॅकवर घेऊन चाकांची बेअरिंग हाताने फिरवून पाहायला सांगा. टायर वेडेवाकडे झिजले असतील, तर तेही अगदी असेच गुणगुणतात.