शिंगांचा मुखवटा की टोप? स्टार कारची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या उत्तर यॉर्कशायरमध्ये स्कारबरोजवळच्या शेतांखाली एक बुजलेलं सरोवर आहे. इ.स.पू. ९३००च्या सुमारास त्याच्या काठी, स्टार कार या जागी, शिकारी माणसांचा राबता सुरू झाला आणि मध्येमध्ये खंड पडत सुमारे ८०० वर्षं टिकला. १९४९ ते १९५१च्या उत्खननात दलदलीच्या थरातून शिंगाची १९१ दातेरी भालाटोकं आणि शिंगांसकट कापलेल्या लाल हरणाच्या २१ कवट्या निघाल्या. सगळा वाद या एकवीसांचा.

मराठीत त्यांना आपण सरळ ‘मुखवटे’ म्हणून मोकळे होतो. पण मुखवटा तोंडावर येतो; ही वस्तू कपाळाच्या वर बसते. तिची भोकं डोळ्यांसाठी नसून वादी ओवण्यासाठी असावीत. कवटी आतून घासलेली, काहींची शिंगं वजन कमी करायला कोरलेली. म्हणजे टोप म्हणणं जवळचं. पण कशासाठी? पहिल्या उत्खननकर्त्याने दोन्ही शक्यता मांडल्या होत्या: हरणांना फसवायचं सोंग किंवा विधीतला नाच. सोबत सायबेरियातल्या शिंगवाल्या शामानच्या, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणाऱ्या मांत्रिकाच्या, सतराव्या शतकातल्या चित्राचा दाखला दिला. चित्र लोकांच्या मनात बसलं आणि शिकारीची शक्यता मागे पडली. सायबेरिया आणि यॉर्कशायर यांच्यातलं दहा हजार वर्षांचं अंतर एका चित्राने मिटवणं मला तरी पटत नाही. ‘शामान’साठी ‘भगत’ हा शब्द खुणावतो, पण तो आपल्या गावचा. त्याला तिकडे नेऊ नये.

लाल हरणाची शिंगं वसंतात गळतात; इथे ती कवटीला चिकटलेली, म्हणून वस्ती हिवाळ्यातली, असंही ठरवलं गेलं. पुढे हरणांच्या पिल्लांच्या दातांनी उन्हाळ्याकडे बोट दाखवलं. टोप जपून ठेवतात, बरोबर नेतात; हरीण कधी मारलं यावरून माणसं कधी राहिली हे कसं कळणार?

एकविसाव्या शतकातल्या उत्खननांनी बाकीचं चित्र भरलं. २००८मध्ये साडेतीन मीटर व्यासाच्या झोपडीच्या खुणा सापडल्या, काठावर लाकडी फळ्यांचे मोठे ओटे दिसले, २०१५मध्ये रेघा कोरलेलं तीन मिलिमीटर जाडीचं दगडी पदक मिळालं. कुत्रा पाळलेला होता. नवे टोपही निघाले, आणि तेही मोडक्या भालाटोकांच्या, हाडांच्या सोबतीने. देवघर आणि स्वयंपाकघर वेगळं काढायची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

दरम्यान शेतांचा निचरा केल्याने थर कोरडा पडून आम्लयुक्त झाला आहे. १९४९मध्ये टणक निघालेली हाडं आता काही ठिकाणी जेलीसारखी मऊ निघतात.