रेमंड जोन्स होता की नव्हता? एका मॅनेजरच्या आठवणींची पार्श्वभूमी

नाशकात गंगापूर रोडवरच्या एका घरी आम्ही सात-आठ जण शनिवारी संध्याकाळी रेकॉर्ड ऐकायला जमतो. अलीकडे गाणी कमी आणि वाद जास्त होतात, आणि वाद येऊन अडतो एकाच नावावर: रेमंड जोन्स. बीटल्स या इंग्लंडमधल्या बँडचे मॅनेजर ब्रायन एपस्टाईन यांनी या मुलाची सांगितलेली गोष्ट खरी मानायची की नाही? साठ वर्षांपूर्वीच्या एका गिऱ्हाइकावरून एवढं काय तापायचं, असं गटात नव्याने आलेल्या मुलांना वाटतं. त्यांच्यासाठी ही मागची हकीकत.

लिव्हरपूलच्या व्हाइटचॅपल रस्त्यावर एपस्टाईन घराण्याचं नेम्स नावाचं दुकान होतं. तिथला रेकॉर्डचा विभाग ब्रायन सांभाळत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे शनिवार, २८ ऑक्टोबर १९६१ रोजी दुपारी तीनच्या सुमारास जीन्स आणि काळं लेदर जॅकेट घातलेला, रेमंड जोन्स नावाचा अठरा वर्षांचा मुलगा दुकानात आला आणि त्याने बीटल्सची 'माय बॉनी' मागितली. ती दुकानात नव्हती. मागितलेली रेकॉर्ड कुठूनही आणून द्यायची हा एपस्टाईन यांचा शिरस्ता, त्यामुळे शोध सुरू झाला. रेकॉर्ड जर्मनीत निघालेली, आणि तिच्यावर बीटल्सचं नावसुद्धा नाही. छापलं होतं 'टोनी शेरिडन अँड द बीट ब्रदर्स'. चौकशी करता करता कळलं की ही पोरं दुकानापासून चार पावलांवर, कॅव्हर्न क्लबच्या तळघरात वाजवतात. ९ नोव्हेंबरला दुपारच्या कार्यक्रमाला एपस्टाईन त्या तळघरात उतरले आणि पुढे मॅनेजर झाले.

ही गोष्ट त्यांनी 'अ सेलरफुल ऑफ नॉइज' या आत्मचरित्रात लिहिली. पुस्तक ऑक्टोबर १९६४ मधलं, शब्दांकन डेरेक टेलर यांचं. हा काळ लक्षात ठेवायला हवा. घटनेला जेमतेम तीन वर्षं झालेली, म्हणजे आठवण ताजी. पण बीटल्स तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते आणि लिहिणारा त्यांचा नोकरीवर असलेला मॅनेजर होता. काय सांगायचं नाही हेही त्याला ठरवावं लागत असणार. ताजेपणा विश्वास वाढवतो, नोकरी तो कमी करते. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत, म्हणून सरसकट खरं किंवा सरसकट खोटं असा शिक्का त्याच्यावर बसत नाही.

एपस्टाईन २७ ऑगस्ट १९६७ ला वारले. वय अवघं ३२. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांचे दुकानातले सहायक अ‍ॅलिस्टर टेलर यांनी सांगितलं की रेमंड जोन्स नावाचा कुणी नव्हताच. मुलं 'माय बॉनी' विचारत होती, पण ऑर्डर नोंदवायला गिऱ्हाइकाचं नाव लागतं, म्हणून ते नाव आपणच लिहिलं. चाहत्यांना हे एकदम पटलं. पटण्यासारखंच होतं: शनिवारची दुपार, लेदर जॅकेट, नेमका तोच मुलगा, हे सगळं फार जुळवून आणल्यासारखं वाटायचं. आमच्या गटातही मी स्वतः बरीच वर्षं टेलर यांच्याच बाजूने बोलत आलो.

त्यात 'मर्सी बीट' या लिव्हरपूलच्या संगीत-नियतकालिकाचे संपादक बिल हॅरी यांचं म्हणणं आणखी वेगळं. त्यांचा पहिला अंक ६ जुलै १९६१ चा. २० जुलैच्या दुसऱ्या अंकात पहिल्याच पानावर बीटल्सच्या रेकॉर्डिंग कराराची बातमी होती. अंक नेम्समध्ये विकायला असायचा, आणि ऑगस्टपासून तर खुद्द एपस्टाईन त्यात नव्या रेकॉर्डवर सदर लिहीत होते. मग ऑक्टोबरअखेरपर्यंत त्यांना बीटल्स माहीत नव्हते, हे कसं मानायचं? हॅरी यांची आठवण बाजूला ठेवली तरी ते अंक आहेत, तारखा छापलेल्या आहेत. मात्र एपस्टाईन यांचं पुस्तक नीट वाचलं तर नाव अजिबात ऐकलं नव्हतं असं त्यांनी लिहिलेलं नाही. कुठल्याशा नाचाच्या पोस्टरवर ते विचित्र स्पेलिंग पाहिल्याचं पुसट आठवतं, असं ते म्हणतात. पुस्तक मुळातून न वाचता त्यावर भांडणाऱ्यांच्या हातून हे वाक्य नेहमी निसटतं.

आणि मग रेमंड जोन्स सापडला. लिव्हरपूलचे लेखक आणि रेडिओ-निवेदक स्पेन्सर ली यांनी त्याला शोधून काढलं. खराखुरा माणूस, नेम्समध्ये जाऊन ती रेकॉर्ड आपणच मागितली होती असं त्याने सांगितलं. मार्क लुइसन यांनी २०१३ च्या आपल्या बीटल्स-चरित्राच्या पहिल्या खंडातही त्याला खरा धरलं आहे. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. एका जिवंत माणसाला आम्ही इतकी वर्षं कल्पनेतला ठरवलं होतं, तेही केवळ गोष्ट सुबक आहे म्हणून.

आमच्या गटातले एक काका नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेत. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की ते कळतं. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात. काकांचा सगळा जन्म कागद, क्रमांक आणि सही तपासण्यात गेला. त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली आणि तेव्हापासून आमची बोलण्याची रीत बदलली. ते म्हणाले, दादासाहेब फाळक्यांचंच बघा.

पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे ते फाळके. त्र्यंबकेश्वरचा जन्म, कंपनी नाशकात, शेवटही १९४४ साली नाशकातच. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट मुंबईत पाहिला आणि चित्रपट काढायचं ठरवलं, ही त्यांची आठवण आपण शाळेपासून ऐकतो. 'नवयुग' मासिकातल्या लेखांत त्यांनी ते साल १९१० दिलं आहे आणि वार शनिवार. पुढच्या अभ्यासकांनी मात्र हा चित्रपट पाहण्याचा दिवस ईस्टरच्या सुट्टीत, १५ एप्रिल १९११ ला ठेवला. काकांनी जुनं पंचांग काढून बघितलं, तर १५ एप्रिल १९११ ला शनिवारच होता. साल एकाने हललं, वार जागेवर राहिला. प्रसंग घडला त्या दिवसाचा रंग माणसाला आठवतो, आकडा नंतर जोडला जातो आणि तोच चुकतो. चुकलेल्या सालावरून फाळके तो चित्रपट पाहायला गेलेच नाहीत असं कुणी म्हणत नाही. मग एपस्टाईन यांना वेगळा न्याय का?

डेक्काचं प्रकरण जास्त अवघड आहे. १ जानेवारी १९६२ ला बीटल्सची डेक्का या रेकॉर्ड कंपनीत चाचणी झाली आणि त्यांना नकार मिळाला, इथपर्यंत वाद नाही. पण गिटारवाल्या चौकडींचा जमाना संपला, अशा अर्थाचं जे वाक्य जगभर सांगितलं जातं, ते एपस्टाईन यांच्या पुस्तकातून आलं आहे. ज्यांच्या तोंडी ते जोडलं गेलं त्या डेक्काच्या डिक रो यांनी आपण असं बोललोच नाही असं सांगितलं. खोलीतल्या बोलण्याचा कागद नसतो. इथे एका बाजूला नाकारला गेलेला माणूस, दुसऱ्या बाजूला नाकारल्याबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्लेला माणूस, आणि दोघांनाही आपापलं सांगण्याची गरज. हे वाक्य मी आता 'एपस्टाईन यांच्या सांगण्यानुसार' असं म्हटल्याशिवाय उच्चारत नाही.

एपस्टाईन यांच्या आधी बीटल्सचे कार्यक्रम ठरवणारे अ‍ॅलन विल्यम्स यांच्याबद्दल चाहते फार कठोर असतात. १९७५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्याचं नावच मुळी 'बीटल्स देऊन टाकणारा माणूस' अशा अर्थाचं. ते मॅनेजर होते की फक्त कार्यक्रम ठरवून देणारे, यावर अजून दोन तट आहेत. रंगवून सांगण्याची त्यांना हौस होती, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. पण ऑगस्ट १९६० मध्ये आपल्या व्हॅनमधून बीटल्सना हॅम्बुर्गला नेल्याचं ते सांगत, आणि वाटेत हॉलंडमधल्या युद्धस्मारकापाशी काढलेला फोटो आहे. त्यात विल्यम्स आहेत, तेव्हाच्या बीटल्सपैकी पॉल, जॉर्ज, पीट बेस्ट, स्टुअर्ट सटक्लिफ आहेत. जॉन नाही, तो गाडीतून उतरला नव्हता. पुढे कमिशनवरून बिनसलं, हेही ते सांगत. त्याचं २० एप्रिल १९६१ चं पत्र उपलब्ध आहे, कमिशन बुडवायचा बेत ऐकून आपल्याला क्लेश झाले असं त्यात लिहिलंय. वाढवून सांगणाऱ्या माणसाच्या गोष्टीलाही खालून असा भक्कम आधार निघतो. रंगवण्याची सवय माहीत झाली की आपण ऐकणंच थांबवतो, आणि मग हातातला ऐवज जातो.

राहिला अ‍ॅलिस्टर टेलर यांचा प्रश्न, ज्यावर गेल्या शनिवारी रात्री साडेदहापर्यंत बसलो होतो. २४ जानेवारी १९६२ चा बीटल्स आणि एपस्टाईन यांच्यातला करार २०१९ मध्ये लंडनला लिलावात विकला गेला. त्यावर चौघांच्या सह्या आहेत: जॉन, पॉल, जॉर्ज आणि पीट बेस्ट. एपस्टाईन यांची सही नाही. साक्षीदार म्हणून टेलर यांची सही मात्र आहे, म्हणजे जी सही झालीच नाही तिलाही ते साक्षी राहिले. काकांनी त्याची छापील प्रत दिव्याखाली धरली आणि म्हणाले, हाच माणूस जोन्स नव्हता म्हणतो ना, मग याची साक्ष किती धरायची?

गटातल्या एका ताईंनी त्यांना तिथेच अडवलं. त्या म्हणाल्या, काका, ती न झालेली सही आणि आपण केलेली साक्ष, दोन्ही टेलर यांनी स्वतः होऊन सांगितलंय, आपल्याच विरुद्ध जाणारं. स्वतःला उणेपणा आणणारी गोष्ट सांगणारा माणूस दुसऱ्या बाबतीत मुद्दाम खोटं बोलेल का? कदाचित ऑर्डरसाठी त्यांनी खरंच कुणाचं तरी नाव लिहिलं असेल, आणि जोन्सही खरंच आला असेल. काकांनी प्रत खाली ठेवली, चष्मा पुसला आणि टेलर यांची सही पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली.