जागरणाने गेम चांगला होतो का?

‘रात्रंदिवस राबल्याशिवाय उत्तम व्हिडिओ गेम तयार होत नाही’ हा संदेश सोलापुरातील, मुले पुण्यात नोकरीला असलेल्या अनेक पालकांपर्यंतही पोहोचलेला असतो. गाजलेल्या काही गेममागे जागरणे होती हे खरे असल्याने तो पटतो. मात्र जागरणे करूनही फसलेले गेम त्यात मोजलेले नसतात.

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदींत आढळले, की एका मर्यादेपलीकडे तास वाढवले तरी उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही. चादरीच्या मागावर थकलेल्या विणकराच्या नजरेतून तुटलेला धागा सुटतो आणि पुढचे कापड सदोष निघते. प्रोग्रामिंगमध्ये तर तो ‘धागा’, म्हणजे नजरेतून सुटलेली चूक, कधी कधी महिनाभराने सापडते आणि दुरुस्तीला मूळ कामाहून अधिक वेळ लागू शकतो.

पडताळणी अवघड नाही. गेम बनवणाऱ्या स्टुडिओच्या दोष-नोंदींत, म्हणजे सापडलेल्या चुकांच्या यादीत, तारीख असते. जादा तासांच्या आठवड्यांतील कामात नंतर किती दोष निघाले, हे साध्या आठवड्यांशी ताडून पाहावे. त्याचबरोबर, अंतिम तारीख कोणी, कामाचा अंदाज न घेता ठरवली होती, हेही विचारावे; जागरणाचे मूळ बहुधा तिथे, म्हणजे नेतृत्वाच्या नियोजनात असते.